कनकाच्या मापाचा व्यायाम

एका शेगडीवर दूध, दुसरीवर पोहे, आणि माझा नवरा उन्मेष ऑफिसच्या ओळखपत्रासाठी सोफ्याच्या उशा उलट्यापालट्या करत होता.

"कालच्या शर्टाच्या खिशात बघ," मी आतूनच म्हटलं.

"कालचा शर्ट कुठाय?"

"मशीनमध्ये."

मशीन केव्हाच फिरायला लागलं होतं. उन्मेष त्याच्यासमोर उभा राहून काचेतून आत बघत होता. तेवढ्यात दारावर टकटक झाली. आमच्या वेलचेरीच्या इमारतीत बेल सोडून दार कुणी वाजवत नाही, म्हणून मी झारा हातात घेऊनच गेले.

दारात सुधींद्र उभा होता, समोरच्या कनकाला व्यायाम शिकवणारा. खांद्याला नेहमीची पिशवी, तिच्यातून व्यायामाचे रबरी पट्टे लोंबत होते.

"मामी, बेल वाजवली असती तर समोर ऐकू गेलं असतं," तो हळू आवाजात म्हणाला. "कनका दार उघडेना. विद्यालक्ष्मी मामी देवळात गेल्यात. ती आत आहे, पंखा फिरतोय. तुम्ही जरा हाक मारता काय?"

पोहे मी उन्मेषच्या स्वाधीन केले.

समोरच्या फ्लॅटमधली ही माणसं तंजावरकडची मराठी. त्यांच्या पिढ्या इकडेच गेल्या, पण घरात बोलणं मराठीच, तमिळच्या चालीवर; ओळखीच्या कुठल्याही बाईला ते मामी म्हणतात. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा त्यांचं "पर्वा नाही" ऐकून मला पहिल्यांदा राग आला होता. कनकाचा पाय चुकून माझ्या रांगोळीवर पडला, ती रेघ सावरायला वाकली, मी "राहू दे गं" म्हटलं, तर ती म्हणाली, "पर्वा नाही मामी." काय उद्धट मुलगी, असं वाटलं. मग कळलं, इकडे त्याचा अर्थ "असू दे, चालतंय" असा. पण कनकाच्या तोंडून ते इतक्या वेळा ऐकलं, की हल्ली मला नक्की कोणता अर्थ घ्यायचा ते समजत नाही.

कनका तेवीस वर्षांची आहे. तांबरमच्या कॉलेजातून पदवी घेतली आणि पेरुंगुडीच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. चिडलेल्या गिऱ्हाइकांना कॉम्प्युटरवर उत्तरं लिहायची. दिवसभर ती लोकांची माफी मागते, न केलेल्या चुकांची. मी कधी वाटी द्यायला गेले तर कानावर हेडफोन, नजर पडद्यावर, बोटं भराभर चाललेली आणि चेहरा मात्र बंद दुकानासारखा. तिला रडताना मी पाहिलेलं नाही, रागावतानाही नाही. लग्नासाठी एक स्थळ होतं. "मुलगी जरा बारीक झाली की कळवा," असा त्यांचा निरोप आला. तिची आई विद्यालक्ष्मी दोन दिवस जेवली नाही. कनका जेवली, ताट घासून ठेवलं आणि कामाला बसली.

वजन काही आजचं नाही, लहानपणापासूनचं. पण या वर्षी तपासणीत रक्तातली साखर सीमेवर निघाली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने नीट व्यायाम करून बघू, नाहीतर गोळ्या सुरू. विद्यालक्ष्मीच्या आईचा पाय साखरेनंच गेला होता. त्यामुळे त्या घरात साखर हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही.

हॉस्पिटलच्या व्यायाम विभागात सुधींद्र भेटला. तोही तंजावरचाच मराठी, शारीरिक शिक्षण शिकलेला. त्यानं कनकाला चालत्या पट्ट्यावर चालवलं, छातीला पट्टा बांधून ठोके मोजले, गुडघे वाकवून पाहिले, झोप किती, काम काय, सगळं विचारलं. मग तिच्यापुरता व्यायाम आखला. मला समजावून सांगताना म्हणाला होता, "मामी, तयार ब्लाउज सगळ्यांना कुठं बसतो? हा मापानं शिवलाय." पळायचं नाही, उड्या नाहीत. तिच्या ठोक्यांना झेपेल अशा चालीनं गच्चीवर चालायचं, मध्ये पायरीवर चढउतार, पट्टे ओढायचे, आणि दर आठवड्याला जरा वाढवायचं. आठवड्यातून दोनदा तो स्वतः घरी यायचा.

आपला माणूस मिळाला म्हणून विद्यालक्ष्मी हरखून गेली. व्यायामाआधी त्याला इडली खाल्ल्याशिवाय गच्चीवर जाऊ द्यायची नाही. मी एकदा तिथंच होते.

"पुरे मामी, पुरे."

"पुरे काय? वाळून गेलास की रे. ही एक."

"खरंच पुरे."

"ही माझ्याकडून. आणि ही कनकाच्या अप्पांच्या वाटणीची, ते बिचारे मदुरैला बदलीवर आहेत."

सुधींद्रनं ताटावर आडवा हात धरला, तिनं बोटांच्या फटीतून इडली सरकवली. त्यानं खाल्ली. आपल्याकडे पंगतीत पहिलं "पुरे" कोण खरं मानतं? वाढणाऱ्यानं वाढायचं, जेवणाऱ्यानं नको म्हणायचं, आणि ताट भरत राहायचं.

मागच्या आठवड्यात मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. कनका पायरीवर चढत उतरत होती. घामानं कुडता पाठीला चिकटला होता. ती म्हणाली, "पुरे."

"पुरे कसं? आणखी पाच," सुधींद्र हसत म्हणाला. "माझ्याकडून."

तिनं पाच केल्या. म्हणाली, "पुरे, सर."

"आता पाच आईच्या वाटणीच्या!"

विद्यालक्ष्मी जिन्याच्या दारात उभी होती, तिला हसू आवरेना. कनकानं त्याही केल्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग भिंतीला धरून ती खाली गेली. पडली नाही, चक्कर आली नाही, भांडण झालं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून तिनं व्यायाम सोडला. आईनं विचारलं तर म्हणाली, "पर्वा नाही. गोळ्या घेते."

मी दारावर बोटांनी वाजवलं. "कनका, मी आहे गं. दूध ठेवून आलेय शेगडीवर, उन्मेषला उतू जाताना दिसत नाही. लवकर उघड."

थोड्या वेळानं कडी निघाली. कनका दारात आली, हेडफोन गळ्यात. सुधींद्रला बघून तिनं दार लावलं नाही, पूर्ण उघडलंही नाही. तशीच उभी राहिली.

"काय चुकलं ते तरी सांग," सुधींद्र म्हणाला. "चाल जास्त झाली? गुडघा दुखतो?"

"नाही."

"मग?"

"गोळ्या आहेत की, सर."

"गोळ्या आहेतच. पण आत्तापासून?"

आतून कॉम्प्युटरचा टिंग असा आवाज आला, कुणीतरी चिडलं असणार. तिनं तिकडे पाहिलंही नाही.

"तू दोनदा पुरे म्हणालीस," मी म्हटलं.

"हो."

सुधींद्र गडबडला. "अगं, पुरे तर मीपण म्हणतो. तुझ्या आईसमोर दर वेळी म्हणतो."

"तुम्ही इडलीला म्हणता," कनका म्हणाली. "मला श्वास येत नव्हता."

एवढं लांब वाक्य मी तिच्याकडून फारा दिवसांनी ऐकलं. आवाज मात्र तोच, गिऱ्हाइकाला उत्तर लिहावं तसा. "आजी वाढायची तेव्हाही मी पुरे म्हणायची. मग म्हणणं सोडलं. खाल्लं की लवकर संपतं."

सुधींद्रनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. लोंबणारे पट्टे तो आत कोंबू लागला. "सगळं मोजलं मी," तो म्हणाला. "आणि तू बोललीस ते धरलंच नाही. आता तू म्हणशील तिथं थांबायचं. पुढचं नाही." मग म्हणाला, "पण एक मलाही कळत नाही. दर फेरीनंतर दोन मिनिटं बसायचं, असं आखून दिलंय. तू बसतच नाहीस. उभीच राहतेस टाकीला टेकून. दम लागणारच की. मला वाटायचं, पोरीत जोर आहे."

"कुठं बसू?"

"वर सोसायटीच्या दोन खुर्च्या आहेत ना, प्लास्टिकच्या."

"त्यांना हात आहेत," कनका म्हणाली.

आम्हाला दोघांनाही लगेच कळलं नाही. तिनं ते बघितलं आणि न थांबता सांगून टाकलं, "कॉलेजात एकदा तसल्या खुर्चीत बसले. उठले तर खुर्ची माझ्याबरोबर उठली. अस्की हसली, सगळा वर्ग. मीपण हसले. तेव्हापासून नाही बसत. लग्नात पण उभी असते."

समोरून आमच्या घरातून दूध उतू गेल्याचा वास आला. उन्मेष काहीतरी ओरडला. मी हलले नाही.

"मग खाली जमिनीवर..." सुधींद्रनं सुरुवात केली.

"खाली बसले तर उठाला हात द्यावा लागतो कुणीतरी. ते नको."

"बरं."

"तुमचं माप चुकलं नाही, सर. चालणं जमतं मला. मला बरं..." ती अडखळली, बरं वाटतं म्हणणार होती की काय कोण जाणे, ते शब्द काही बाहेर आले नाहीत. आत पुन्हा टिंग वाजलं. कनकानं हेडफोन अर्धा कानावर चढवला, मग परत काढला.

"मी येते गच्चीवर," ती म्हणाली. "फक्त तिथं एक खुर्ची ठेवा. हात नसलेली."