कांबळे सरांच्या गॅलरीतलं बिननावाचं ऑर्किड

बॉटनीवाल्यांच्यात राहिलं की किस्से शोधावे लागत नाहीत. चहाला बसलं की कोणीतरी नवा घेऊन येतोच! उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात तर त्यातले निम्मे कांबळे सरांचे.

सर ऑर्किडवाले. कॉलेजसमोरच्या सिंधी दुकानदाराच्या मुलीचं लग्न होतं. स्टेजवरची जांभळी फुलं दिसली मात्र, सरांनी खिशातून भिंग काढलं, ब्लेड काढलं आणि तिथेच एक फूल उभं चिरलं! नवरीचे वडील घाबरून म्हणाले, "साईं, खाना उधर है!"

*

सायली सरांची पीएचडीची विद्यार्थिनी, बदलापूरची. बारवी धरणाकडे वाऱ्याने मोडून पडलेल्या फांदीवर तिला एक ऑर्किड मिळालं. फांदीसकट शेअर रिक्षात चढली, तर रिक्षावाला म्हणतो, "मॅडम, अख्खं झाडच आणायचं ना, सावली तरी मिळाली असती!"

*

पानांवरून जात काही ठरेना. दोन जाती अगदी सारख्या. फुलाला ओठासारखी एक वेगळी पाकळी असते. तिच्यावर केस असले तर एक जात, नसले तर दुसरी. आणि केसवाली आपल्या भागात कोणालाच सापडलेली नव्हती! सायलीचा सगळा प्रबंध त्या केसांवर अडकला.

फांदी बुवापाड्यात, सरांच्या घरच्या गॅलरीत टांगली. सायली रोज सकाळी फोन करायची, "सर, कळी?" एकदा फोन सरांच्या आईंनी उचलला. "अगं, माझी सून पोटुशी होती तेव्हा तिचीसुद्धा कोणी एवढी चौकशी केली नव्हती!"

*

आणि मग तो रविवार! फुलं उमलली, सरांचा फोन आला, आम्ही धावत पोचलो. बघतो तर फांदीवर फुलांचा तुराच नाही! सर आम्हाला घ्यायला नाक्यावर आले, तेवढ्यात आईंनी तो खुडून बुद्धमूर्तीपुढे वाहिला होता आणि शेजारणींबरोबर वंदना सुरू केली होती.

सरांचा चेहरा पांढराफटक. सायलीच्या डोळ्यांत पाणी.

"आई, ते फूल..." सर म्हणाले.

"वंदना होईपर्यंत हात लावायचा नाही," आई डोळे न उघडता म्हणाल्या.

हात लावायचा नाही ना? सायली भिंग घेऊन मूर्तीपुढे सरळ पालथी पडली, नाक फुलाला टेकेल इतकी जवळ. एक शेजारीण दुसरीला कुजबुजली, "पोरीची श्रद्धा बघ गं!"

वंदना संपत आली. सगळ्यांचे हात जोडलेले, शेवटचं तीनदा 'साधु' म्हणायचं तेवढं राहिलेलं. आणि खालून सायली ओरडली, "केस आहेत! सर, केस आहेत!"

आई डोळे मिटूनच म्हणाल्या, "साधु! साधु! साधु!"