कंडोलन्स म्हणजे काय

नाशिक रोडहून सुटलेल्या बसमध्ये पेठ तालुक्याकडचे एक काका शेजारी बसले होते. मुलाच्या मित्राचा मेसेज दाखवत ते हसून म्हणाले, “ताई, ‘कंडोलन्स’ म्हंजे काय? पोराला बढती मिळाली वाटतं.”

मेसेज इंग्रजीत होता आणि त्यात त्यांच्याच मुलाच्या जाण्याबद्दल सांत्वन होतं. त्या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ मी इंग्रजीच्या वर्गात कितीदा शिकवला होता, तोच तोंडून निघाला, “एकत्र दुःख करणं.”

“कसलं दुःख?” हसू अजून तसंच होतं.

मी त्यांचा हात धरला. त्यांचं हसू विरलं. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“ताई, माझ्यासंगं उतरता का? घरी फोन लावायचा हाय. एकट्याला नाय जमणार.”

पुढच्या थांब्यावर आम्ही दोघं उतरलो.