त्या मुलीची खबर बाकी आहे

सगळं सुरू झालं ते संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी. वेळ इतकी नक्की ठाऊक आहे, कारण माइकला एक सेल कमी पडला म्हणून गुरुजींनी वर्गातल्या घड्याळाचा काढून घातला आणि तो परत बसवायचं राहून गेलं. चौदा वर्षं घड्याळ तीच वेळ दाखवतंय. मी तेव्हा सातवीत होते. माझं शाळेतलं ते शेवटचं वर्ष.

तेव्हापासून आरोंद्याकडच्या आमच्या त्या शाळेत दर वर्षी दोन दिवस माहितीपट दाखवतात. लोक त्याला खऱ्या माणसांचा सिनेमा म्हणतात. किस्से इतके साचलेत की एक सांगायला बसलं की बाकीचे रांग लावतात.

*

पहिला सिनेमा मिठागरात राबणाऱ्या एका म्हातारीचा होता. संपल्यावर दिग्दर्शक म्हणाले, काही प्रश्न असतील तर विचारा. मासे मारणारे भिकाआबा उठले.

"ती म्हातारी आता बरी आसा मां?"

दिग्दर्शक म्हणाले, त्यानंतर शूटिंग केलेलं नाही.

"शूटिंग ऱ्हवांदे. तू तिका मगे भेटलंस काय?"

भेटले नव्हते. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी फळ्याच्या वर ऑइलपेंटने नियम रंगवला: सिनेमा दाखवणाऱ्याने पुढच्या वर्षी त्यातल्या माणसांची खबर घेऊन यावे.

*

एकाने भांडकुदळ कुंभार नवरा-बायकोवर सिनेमा केला होता. पुढच्या वर्षी खबर आणली, दोघं वेगळी झाली. माझ्या सासूबाईंनी त्याला तिथंच धरलं.

"दोन वर्सां त्यांच्या घरात कॅमेरो घेऊन बसलंस, समजूत घालूक जमला नाय?"

तो म्हणाला, माहितीपटात आम्ही मध्ये पडत नाही. सासूबाईंनी त्याला त्या दिवशी सोलकढी वाढली नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी तो आला आणि स्टेजवर न जाता आधी आमच्या घरी आला. दोघं परत एकत्र राहतात. हा मध्ये पडला होता. आता भांडत नाहीत, त्यामुळे दुसरा भाग रद्द!

*

हिमालयातल्या एका मेंढपाळाची खबर दिग्दर्शिकेने थेट फोन लावूनच दिली. स्पीकर ऑन. सासूबाईंनी हिंदीत विचारलं, सिनेमातली तुझी गाभण गाय व्याली काय? तो म्हणाला, पाडी झाली, नाव काय ठेवू? हॉलमध्ये अर्धा तास वाद झाला. दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांचं भाषण त्यातच राहिलं. पाडीचं नाव सावली ठेवलं.

*

आता शेवटचा. दोन वर्षांपूर्वीचा.

सहा-सात वर्षांची मुलगी, दोन वेण्या, पिवळ्या रिबिनी. एकटी होडी वल्हवत शाळेला निघते. होडी पाण्याच्या मधोमध येते, वारा सुटतो, पडदा काळा. संपला सिनेमा.

दिग्दर्शक म्हणाले, "शेवट मी प्रेक्षकांवर सोडलाय."

तो माझ्यावरच सोडला. माझी मुलगी मांडीवर होती.

पुढच्या वर्षी ते आले नाहीत. यंदाही नाहीत. गुरुजींनी लावलेला फोन नुसता वाजतो.

यंदा माझी मुलगी पहिलीत गेली. शाळा माझीच, पण सासरहून खाडीपलीकडे. होडीने दहा मिनिटं, पुलावरून चालत पाऊण तास. आम्ही चालत जातो. होडी कुणाची? आमच्या ह्यांची.

हे रोज म्हणतात, "गावची पोरां माझ्या होडीत बसतत, आणि माझाच चेडू डांबरार चलता."

मी म्हणते, ता सिनेमातला चेडू पलीकडे पोचला काय, तेवढा सांगा.

हे वल्हं उचलतात आणि निघतात.

यंदा शेवटच्या दिवशी गुरुजी म्हणाले, वय झालं, आता हे थांबवतो. मग भिकाआबा उठले.

"थांबवा. पण त्या चेडवाची खबर घेवन तो इलो, तर सांगतलो कोणाक?"

गुरुजींनी खडू घेतला आणि फळ्यावर पुढच्या वर्षीची तारीख लिहिली.

तेव्हा वाचणाऱ्यांनी एवढं करा. सिनेमावाले कुणी ओळखीचे असतील तर त्यांच्या कानावर घाला, त्यांनी पुढं सांगावं. दोन वेण्या, पिवळ्या रिबिनी. आता आठ-नऊ वर्षांची असेल. नवा सिनेमा नको. पोचली एवढंच कळवा. आम्ही तोवर चालतोय.