अदलाबदलीचा रविवार

नव्वदच्या दशकात लखनौला आमचा तिघांचा अभ्यासगट होता. मी तत्त्वज्ञानाची, दुसरे राज्यशास्त्राचे आणि जुन्या शहरातल्या चौक भागातून येणारे भाईसाहब इतिहासाचे. बसायचो मानक नगरला, माझ्या वडिलांच्या रेल्वे क्वार्टरच्या गच्चीवर, थंडीतल्या उन्हात, मीठ लावलेले पेरू खात.

माझा प्रबंध राज्य आणि करार यांवर होता. माणसं एकत्र आली, त्यांनी करार केला आणि राज्य उभं राहिलं, असं मी सांगायला लागले की भाईसाहब शांतपणे विचारायचे, "कब? कहाँ? किसने देखा?" माझं डोकंच फिरायचं.

एका रविवारी राज्यशास्त्रवाल्यांनी फर्मान काढलं, आज आपापल्या जागा बदलायच्या. मी भाईसाहब व्हायचं, भाईसाहबांनी मी. त्यांनी लगेच माझ्यासारखे डोळे मिटले, बोटं हवेत नाचवली आणि माझा करार इतका सुरेख मांडला की तसा तो मलाही कधी जमला नव्हता. मी हातातला पेरू खाली ठेवला आणि "कब? कहाँ? किसने देखा?" करत जी सुटले ती थांबेचना. भर थंडीत ते घामाघूम झाले. शेवटी हात जोडून म्हणाले, "बस, हम हार गए।"

हसून हसून आमची पोटं दुखायला लागली. आवाज ऐकून आई वर आली. "कोण जिंकलं गं?"

"मी," मी म्हटलं. हरला होता तो माझा अख्खा प्रबंध, आणि मला तर नाचावंसं वाटत होतं.