वाकू नका म्हणणारी पुष्पांजली

अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडवरून बाजाराकडे वळलं, की औषधाच्या दुकानावर एक पाटी दिसते. पाटीवर कमरेवर हात ठेवून उभा एक माणूस, आणि कमरेच्या जागी लालभडक गोळा. तो गोळा पाहूनच निम्म्या लोकांची कंबर दुखायला लागते, असं बाजारातले लोक म्हणतात. पाटीखाली नाव आहे पुष्पांजली कापगते, फिजिओथेरपिस्ट.

दुकानाच्या वरच तिचा दवाखाना. दोन खाटा, मध्ये फुलाफुलांचा पडदा, खुंटीवर कमरेचे पट्टे. आणि भिंतीला एक्स-रे लावायचा दिव्याचा डबा. त्या डब्याचा दिवा लागला, की खोलीत नाटक सुरू झाल्यासारखी शांतता व्हायची. पेशंट श्वास रोखायचा, सोबत आलेली मंडळी पुढं सरकायची. पुष्पांजली बोट ठेवायची आणि खालच्या पट्टीत सांगायची, "हे बघा. इथं मणके झिजलेत. आता वाकायचं नाही. वाकलात तर एक दिवस अंथरूण धराल."

हे ती कोणाला घाबरवायला म्हणत नसे. माया म्हणूनच म्हणे. कॉलेजातून बाहेर पडून बारा-चौदा वर्षं झाली होती, तेव्हा शिकलेलं तिनं जपून ठेवलं होतं, आणि आपल्या माणसांची कंबर मोडू नये एवढंच तिला वाटायचं. तिचा हात फार चांगला. दुखऱ्या पाठीवर पडला, की म्हाताऱ्या बायका डोळे मिटून घेत आणि घरच्या सगळ्या भानगडी सांगून मोकळ्या होत.

याच दिव्यासमोर तिनं आपल्या सख्ख्या मामीलाही बसवलं होतं.

सुमित्राबाई म्हणजे खैरीटोल्याची रोवण्यातली राणी. धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, चिखलात लावत बायका वाकून मागं मागं सरकतात, त्या रांगेच्या टोकाला ती. गाणं ती उचलायची, बाकीच्या झेलायच्या. ती रांगेत असली की पलीकडच्या बांधीतल्या बायकाही हात थांबवून ऐकायच्या. बांधी म्हणजे धानाचं वाफ्यासारखं शेत. घर कोहळी समाजाचं, पिढ्यानपिढ्या तलाव बांधणाऱ्यांचं; वाडवडिलांनीच गावचा तलाव खोदलेला. पाणी आणि चिखल यांच्याशी तिचं माहेरचं नातं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या कमरेत चमक भरली. पुष्पांजलीनं फोटो काढायला लावला, दिवा लावला, बोट ठेवलं, आपलं वाक्य म्हटलं. आणि सुमित्राबाईनं ते देवाच्या वाक्यासारखं पाळलं. लुगड्यावरून पट्टा बांधला तो दिवसरात्र कमरेवरच. झाडू सोडला, चूल सोडली, रोवणा सोडला. आल्यागेल्याला ती एक्स-रे उजेडात धरून दाखवायची, "पाहा, माह्या मनक्याचं काय झालं." मामा मनिराम वैतागून म्हणायचे, "लग्नातला फोटो कोनाले दाखवला नाई इतक्यांदा!" रोवण्याच्या दिवसांत ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची, बुजगावण्यासारखी. गाणं नाही. खुर्चीतून गाणं निघत नाही, असं ती म्हणे.

कंबर मात्र दुखतच राहिली. उलट वाढलीच.

यंदा माघात गोंदियाला फिजिओथेरपिस्टांची दोन दिवसांची कार्यशाळा झाली. विषय होता सांध्यांचं आणि स्नायूंचं दुखणं. पुष्पांजली गेली ती खरं तर प्रमाणपत्रासाठी. शिकवणारे हिमांशू सर नागपूरहून आलेले, उंच, हसरे. पहिल्या दिवशी त्यांनी पडद्यावर एकामागून एक मणके दाखवले आणि विचारलं, "यातल्या कोणाची कंबर दुखते?" सगळ्यांनी झिजलेल्या मणक्यांवर बोट ठेवलं. सर म्हणाले, "यांच्यापैकी एकाचीही नाही. ही माणसं दुसऱ्याच कामासाठी आली होती. वय झालं की मणक्यावर खुणा दिसतात, दुखो न दुखो." सभागृहात चुळबूळ झाली. पुष्पांजली वहीत लिहिता लिहिता थांबली. हा माणूस आपल्या दिव्याच्या डब्याची वायरच ओढतो आहे, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी जोड्या लावल्या. एकानं पेशंट व्हायचं, दुसऱ्यानं थेरपिस्ट. पुष्पांजलीसमोर गोंदियाचा मोहित आला. बोलायला तेज, हिंदीत तरबेज. सर म्हणाले, "तुमच्या एखाद्या पेशंटला आठवा आणि त्याच्यासारखं बोला."

झाडीपट्टी म्हणजे नाटकवेडा मुलूख; इथल्या माणसाला नाटक शिकवावं लागत नाही. पुष्पांजलीनं ओढणी कमरेला पट्ट्यासारखी घट्ट गुंडाळली, एक हात पाठीवर ठेवला, पाय फेंगडे टाकत खुर्चीपर्यंत आली आणि कण्हत टेकली. बसली ती सुमित्राबाईच बसली. "डाकतरबाई," ती मोहितला म्हणाली, "मले वाकताच येत नाई वो. पाहा मा फोटो." आणि हवेतला एक्स-रे उजेडात धरला. सभागृह खो खो हसलं. मोहितही रंगात आला. त्यानं घसा खाकरला, हवेत बोट ठेवलं आणि थेरपिस्टांच्या ठेवणीतल्या आवाजात सुरू केलं, "देखो माँजी, यहाँ आपका मणका घिस गया है. अब झुकना नहीं. झुके तो बिस्तर पकड़ लोगे."

पुन्हा हशा. पण हवेतला एक्स-रे धरलेला पुष्पांजलीचा हात खाली आला.

आजवर हे वाक्य तिनं शेकडो वेळा म्हटलं होतं, कधी ऐकलं नव्हतं. ऐकताना खरोखर तिची पाठ ताठ झाली. सुदृढ पाठ; भीतीनं लाकडासारखी.

सर जवळ आले, खुर्चीशेजारी उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "माँजी, क्या छूट गया आपसे?"

"रोवना," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. लोकांना वाटलं, काय अभिनय करते पोरगी. टाळ्या पडल्या.

आठवड्याभरानं ती खैरीटोल्याला गेली. उन्हाळी धानाचा रोवणा चालू होता, इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी बांधीत चमकत होतं. सुमित्राबाई धुऱ्यावर, खुर्चीत, पट्ट्यासकट. पुष्पांजलीनं आधी तिला घरी नेऊन नीट तपासलं. पायांत ताकद आहे ना, मुंग्या येत नाहीत ना, लघवीचा त्रास नाही ना. सगळं ठीक होतं. मग धुऱ्यावर परत आल्यावर तिनं एका दमात सांगून टाकलं.

"मामी, मी तुले चुकीचं सांगतलं. वाकल्यानं तुह्यं काई बिघडत नाई."

सुमित्राबाईनं तिच्याकडे पाहिलं. "मंग फोटोत काय होतं?"

"केस पिकतेत ना, तसं मनकेबी पिकतेत."

"केस पिकले म्हनून कोनी डोकं वापरनं सोडते काय वो! आन तू मले कंबरच सोडाले लावली?" तिचा आवाज चढला. बांधीतल्या बायका कान देऊन हळूहळू रोवू लागल्या. "दोन वर्सं या खुर्चीत बसून राहिलो मी. आता म्हनते चुकलं! पाच मिनटात चुकलं काय?"

पुष्पांजलीनं तिला बोलून घेऊ दिलं. राग ओसरला तशी सुमित्राबाई अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मले भेव लागते, पोरी." आणि मग, "एक काम कर. तू पायालू हाय. पाय लाव मा कमरेले. मंग वाकतो."

पुष्पांजली जन्मताना पायांकडून आली होती. अशा माणसाचा पाय लागला की कमरेतली उसण जाते, अशी गावाची श्रद्धा. लहानपणी तिला अंगणाअंगणांतून बोलावणं यायचं, आजी घेऊन जायची. बायका पालथ्या पडत, ती इवलासा पाय कमरेवर ठेवी, आणि हातावर बत्तासा मिळे. डिग्री घेतल्यावर तिनं हे सगळं रागारागानं बंद केलं होतं.

"पायानं काई होत नाई, मामी."

"होत नाई? मंग तू एवढीशी होती, मले पाय लावला, आन मी दुसऱ्या दिवशी रोवन्याले गेलो, ते कसं?"

पुष्पांजली तिच्या खुर्चीशेजारी उकिडवी बसली. मग सावकाश म्हणाली, "तवा पाय लावला का आजी म्हने, जाय आता, झालं बरं. म्हनून तू गेली. मी डाकतर होऊन तुले म्हनलं, बस आता. म्हनून तू बसली. पायात काई नव्हतं, मामी. म्हनन्यात होतं."

वारा आला, पाण्यावर बारीक लहरी उठल्या. सुमित्राबाईचा हात कमरेच्या पट्ट्याकडे गेला.

"मंग आता काय म्हनतेस?"

"आता म्हनतो, चाल. मी संग हाय."

पुष्पांजलीनं सलवार गुडघ्यापर्यंत सरकवली आणि आधी स्वतः बांधीत उतरली. गार चिखल पोटऱ्यांपर्यंत आला. वर हात केला. सुमित्राबाईनं पट्ट्याची चिकटपट्टी ओढली. चर्र आवाज झाला. पट्टा तिनं खुर्चीवर ठेवला, आणि एखादी नवरी उंबरा ओलांडते तशी, पदर सावरत, भाचीचा हात धरून उतरली. रांगेतल्या बायकांनी सरकून टोकाची जागा रिकामी केली.

ती वाकेना. पुष्पांजली तिच्यासमोर वाकली, डोळ्याला डोळा देऊन. "श्वास सोड. घाई नाई." थोडी वाकली, उठली. पुन्हा थोडी जास्त. तिसऱ्या खेपेला बोटं पाण्याला लागली, आणि बोटांनी मग कोणाला विचारलं नाही. पऱ्हे चिखलात गेले, सरळ, एका रेषेत.

"दुखते काय?" पुष्पांजलीनं विचारलं.

"दुखते."

"कसं?"

सुमित्राबाईनं विचार केला. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू नवल उमटलं. "रोवन्यात दुखते तसं."

एक पाऊल मागं. आणखी एक. बायका मुद्दाम सावकाश सरकत होत्या, कोणी डोळे पुसत होती. मग टोकावरून गाणं उठलं. घोगरं, गंजलेलं, मध्येच फाटणारं. रांगेनं ते दोन्ही हातांनी झेललं.

थोड्या वेळानं पुष्पांजली म्हणाली, "मामी, आजच्यापुरतं बस. थोडं थोडं वाढवू."

सुमित्राबाईनं वाकल्या वाकल्या मान वर केली. "आली का पुन्हा नोको म्हनाले?"

"नोको नाई म्हनत. उद्या अजून कर म्हनतो."

"मंग हे पेंढी संपू दे," सुमित्राबाई म्हणाली, आणि हातातल्या जुडीतले पऱ्हे सोडवू लागली. पुष्पांजली तिच्या बाजूला वाकली, आणि कितीतरी वर्षांनी, वेडेवाकडे का होईना, स्वतःच्या हातानं पऱ्हे रोवू लागली.