माशांचा गोठा बांधणारे दामूअण्णा

श्री. दामोदर तांडेल यांना या वर्षी साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्यावर चार शब्द लिहा, असा गौरव समितीचा निरोप आला. मी दापोडीच्या भोईवाड्यातला माणूस. अक्षर ओळखायला शिकलो ते दुकानांच्या पाट्या वाचत. तेव्हा सुबक लेखनाची अपेक्षा कुणी ठेवू नये. पण अण्णांविषयी लिहायचे आणि मी मागे राहायचे, हे व्हायचे नाही.

त्यांची माझी ओळख झाली पवनेच्या काठी, रेल्वेच्या पुलाजवळ. मी टोपली मांडून मासे विकत बसलो होतो. वर्कशॉपच्या निळ्या कपड्यांतले एक गृहस्थ वाकून टोपलीत पाहू लागले. त्यांनी भाव विचारला नाही.

"हे मेले कधी?" त्यांनी विचारले.

"आवं, मासं हायती ते. पान्याभाईर मरनारच!"

"आमच्याकडे खाडीत करंडे सोडून जिते ठेवतात. गिऱ्हाईक आलं की काढायचे."

"मग ऱ्हावा की तकडंच," मी म्हणालो. ते मोठ्याने हसले आणि मासे घेऊन गेले. ही आमची पहिली भेट.

पुढे ते रोजच येऊ लागले. कोकणातून पोटासाठी आलेले फिटर; पाळी सुटली की डबा हातात, तसेच नदीवर. आमचे दुखणे त्यांना चटकन कळले. पावसाळ्यात मासा उदंड मिळतो, तेव्हा श्रावणामुळे खायला कुणी नसते; उन्हाळ्यात डोह आटतो, तेव्हा चुलीला मासा नसतो. तरणी पोरे एकेक करून खडी फोडायला आणि कारखान्यांच्या पायाभरणीला निघाली होती. अण्णा म्हणाले, "पिल्लं जाळ्याच्या पिंजऱ्यात घालून नदीतच पोसू. रिकाम्या पिंपांवर तरंगेल. पेंड-कोंडा घालू."

भोईवाडा पोट धरून हसला. "माशाला गोठा बांधनार म्हनं! धार कोन काढनार?" तेव्हापासून त्या पिंजऱ्याचे नाव 'गोठा' पडले, ते आजही आहे.

बांबूची चौकट अण्णांनी केली. जाळे विणले माझ्या थोरल्या चुलतीने, ठकूकाकूंनी. वाड्यातली सगळी जाळी त्यांच्याच हातची. अण्णा म्हणाले होते, "काकू, नेहमी विणता तसंच विणा." दसरा झाल्यावर आम्ही बोटाएवढी पिल्ले आत सोडली, नारळ फोडला, घरी गेलो.

सकाळी जाऊन पाहतो तर काय! पिंजऱ्याच्या चारी बाजूंना पिल्ले अडकलेली. डोके बाहेर, अंग आत, कल्ल्यांत दोरा. तोरणे बांधावीत तशी. काकूंच्या हाताला एकच माप ठाऊक. मासा कल्ल्यात अडकेल असे घर, म्हणजे जाळ्याचे भोक, ठेवायचे, जाळे विणणारीचा धर्मच तो! राखायचे जाळे कुणी कधी विणले होते?

काठावर एक जण ओरडला, "ठकूकाकू, धरल्याला मासा पुन्ना धरलास व्हय!" सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी कमरेची विणायची सुई काढली आणि नदीत फेकून दिली. "झालं. हात म्हातारं झालं," एवढेच बोलल्या.

अण्णा तेव्हा छातीभर पाण्यात उभे राहून एकेक पिल्लू सोडवत होते. तिथूनच त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "हसायचं तर मला हसा. पकडायचं जाळं विणणारीला राखायचं जाळं सांगितलं आणि घर केवढं ठेवायचं ते बोललो नाही. चूक माझी आहे."

पण काकू काही ऐकेनात. वाड्यात एवढे बारीक काम दुसऱ्या कुणाला येत नव्हते. त्या विणणार नसतील तर गोठा नाही, आणि गोठा नाही तर उरलेली पोरेही खडीवर जाणार, हे उघड होते.

अण्णांनी त्यांना एकदाही विणा म्हटले नाही. पाळी सुटली की ते काकूंच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि बांबूची सुई घेऊन आपणच विणायला लागायचे. एक घर आभाळाएवढे, दुसरे मुंगी अडेल एवढे. गाठ मारली की सुटायची. काकू आतून पाहायच्या, तोंड फिरवायच्या. शेवटी एके दिवशी राहवले नाही.

"आवं अन्ना, त्ये जाळं हाय का शेवया? आना हिकडं!"

"घर केवढं ठेवाल गो काकू?"

"करंगळीचं टोक बी जानार न्हाई. उठा, उजेड सोडा!"

किनाऱ्यावरच्या तांडेलाच्या घरात जन्मून यांना जाळे विणता येत नाही, यावर माझा आजवर विश्वास बसलेला नाही. विचारले की अण्णा मिशीत हसतात आणि पवनेच्या माशाला कशी चव नाही हे सांगू लागतात. त्या बाबतीत ते भारी हट्टी आहेत.

मंडळी, माणसाचा मान राखणे पुष्कळांना जमते. गेलेला मान ज्याचा त्याला, त्याच्याच हाताने परत मिळवून देणे थोड्यांना जमते. अण्णा त्या थोड्यांतले.

काकूंच्या नव्या जाळ्यात पुन्हा पिल्ले सोडली आणि चैत्रात डोह आटत आला तेव्हा गोठा उघडला. वीतभर मासे उसळ्या मारत होते. नव्या जाळ्यातला पहिला मासा विणणारीच्या हातात द्यायचा, ही आमची रीत. काकूंनी तो तोलून पाहिला आणि अण्णांच्या मंडळींच्या ओटीत घातला. "कालवन करा बाय. पर खोबरं लई घालू नगा, मासा दिसू द्या!"

आज डोहात गोठ्यांची रांग आहे. खडीवर गेलेल्यांतले काही परत आले. शेवाळ घासायला, पेंड टाकायला अण्णा अजून स्वतः पाण्यात उतरतात, आणि काकू दोन सुनांना बारीक घर शिकवताना त्यांच्या बोटांवर चापट्या मारतात.

हा लेख लिहायला बसलो तेव्हा काकूंना विचारले, देवाकडे अण्णांसाठी काय मागू? पैसा, मान, शंभर वर्षे?

काकू म्हणाल्या, "वर्सं देव दील त्याच्या मनानं. तू गुडघं मागून घे. त्येला पान्यात हुभं ऱ्हायचं हाय अजून."

तेच मागतो.