आधी पिठलं, मग समुद्र

बाळांनो, परभणीच्या एका सहलवाल्या गृहस्थांबरोबर मी नेहमी जाते. यंदा त्यांनी कोकणातली, डोंगरमाथ्यावरची जुनी गावं एका दिवसात दाखवली. म्हणजे तिथे नेऊन जेवू घातलं. आचारी आणि ज्वारीचं पीठ त्यांच्या बसमध्ये असतंच. देवळाचा इतिहास विचारला, तर म्हणाले, "लय जुनं हाय मॅडम, चला!"

बोरीच्या एक म्हाताऱ्या बाई केवळ समुद्र पाहायला आल्या होत्या. जन्मात पाहिला नव्हता. शेवटच्या गावाच्या कड्यावरून तो दिसतो. त्या तिकडे निघाल्या, तोच गृहस्थ आडवे आले.

"आजी, आधी जेवा. पिठलं गार व्हायलंय. समुद्र कुठं पळून जायलाय?"

आम्ही सारे मुकाट्याने पंगतीला बसलो. आजींना त्यांनी आग्रहाने आणखी एक भाकरी वाढली. हात धुऊन कड्यावर पोचलो, तर खालून ढग चढलेले.

"दिसंना की रे बाबा," आजी म्हणाल्या.

गृहस्थ जराही ओशाळले नाहीत. "तिथंच हाय, आजी. हात जोडा."

आजींनी चपला काढून त्या ढगाला मनोभावे नमस्कार केला. गृहस्थ तोवर बसकडे वळून ओरडत होते, "चहा टाका रे!"